मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र: टक्के कसे ठरतात, बोर्डापुढे काय न्यायचं, पुढे काय मिळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाऊ 34 वर्षांचा, अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या नियमित चालू, भास बरेच कमी झालेत. पण एकही नोकरी चार महिन्यांच्या वर टिकली नाही, दिवसभर घरातच असतो. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त, आईला मधुमेह. चौकशी केली तर "हात-पाय धड आहेत, याला कसला दाखला?" असं ऐकायला मिळालं. दाखला मिळेल का, आणि मिळाला तर त्याचा उपयोग काय?

ताई, दाखला मिळू शकतो. हात-पाय धड असण्याचा इथे काहीच संबंध नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातही मानसिक आजार होता आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही तो आहे. विचार, भावना, आकलन, भान किंवा स्मृती यांत इतका बिघाड की माणसाची निर्णयशक्ती, वागणं, वास्तवाची ओळख किंवा रोजच्या गरजा भागवण्याची ताकद ठळकपणे ढासळते, अशी कायद्याची व्याख्या आहे. बौद्धिक अक्षमता हा यादीतला वेगळा प्रकार. हा फरक लक्षात ठेवा, फॉर्म भरताना लागणार आहे.

लोकांची पहिली गफलत इथे होते की स्किझोफ्रेनिया म्हणजे इतके टक्के, नैराश्य म्हणजे तितके, असा काही तक्ता असेल असं वाटतं. तसा तक्ता नाही. निदान हा फक्त दरवाजा. आत गेल्यावर मोजलं जातं ते माणसाचं रोजचं वागणं, आणि ते मोजण्याची पट्टी ठरलेली आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या समितीनं तयार केलेल्या या पट्टीला डॉक्टर 'आयडियाज' म्हणतात. तिच्यात चार भाग आहेत: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येक भागाला 0 ते 4 गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. चारही मिळून 16. त्यात आजाराच्या कालावधीचे 1 ते 4 गुण मिळवतात. एकूण 20.

6 गुणांपर्यंत 40 टक्क्यांच्या खाली. 7 ते 13 म्हणजे 40 ते 70 टक्के. 14 ते 19 म्हणजे 71 ते 99. पूर्ण 20 म्हणजे 100 टक्के. जवळपास सगळ्या योजनांची पायरी 40 टक्के आहे, म्हणून 6 आणि 7 मधला एक गुण फार महाग पडतो.

हिशेब करून बघा. एखाद्याला स्वतःच्या काळजीत 1, माणसांशी संबंधात 1, बोलण्या-समजण्यात 1 आणि कामात 2 मिळाले, म्हणजे 5. कालावधीचा 1 धरला तर 6, दाखला 40 च्या खाली. कालावधीचे 2 मिळाले तर 7, दाखला 40 च्या वर. माणूस तोच, त्रास तोच. फरक पडला तो आजार किती जुना आहे हे दाखवणाऱ्या कागदामुळे. पहिल्या डॉक्टरांची 2014 सालची पिवळी पडलेली चिठ्ठी 'आता काय उपयोग' म्हणून रद्दीत जाते आणि मग अकरा वर्षांचा आजार कागदावर दोन वर्षांचा दिसतो. तुमच्या भावाच्या बाबतीत सगळ्यात आधी ही चिठ्ठी शोधा. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन जुन्या रजिस्टरमधून नोंद मिळते का बघा. डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची जुनी बिलं, रक्ततपासणीचे रिपोर्ट, काहीही चालतं. तारीख मात्र हवी.

कालावधीबरोबरच गेल्या दोन वर्षांत त्रास किती महिने होता, हेही विचारतात. म्हणून अलीकडच्या दोन वर्षांचे केसपेपर सलग असणं तितकंच महत्त्वाचं. मध्ये आठ महिने डॉक्टरकडे गेलाच नाही आणि त्याच काळात त्रास सर्वांत जास्त होता, असं पुष्कळदा होतं. तेव्हा न जाण्याचं कारणही डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या.

आता बोर्डापुढची, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांपुढची मुलाखत. बहुतेक अर्ज इथेच घसरतात, आणि घसरवतात घरचेच. डॉक्टर विचारतात, "आंघोळ करतो का?" आई म्हणते, "हो, करतो." पोराची अब्रू सांभाळायची सवय झालेली असते ना. खरी परिस्थिती अशी असते की आठवड्यातून दोनदा करतो, तीही चार वेळा सांगितल्यावर, पाणी काढून, टॉवेल हातात देऊन. साबण लावलाच असेल याची खात्री नाही, आणि कालचाच शर्ट परत घालतो. "हो, करतो" याला 0 गुण. खरं उत्तर दिलं तर 2 किंवा 3.

"मित्र आहेत का?" "आहेत की." म्हणजे शाळेतले दोघं, ज्यांच्याशी पाच वर्षांत बोलणं झालेलं नाही. "काम करतो का?" "वडिलांबरोबर दुकानात बसतो." बसतो खरा, पण गिऱ्हाईक आलं की उठून आत जातो, सुटे पैसे मोजता येत नाहीत, दुपारी बाराला झोपायला घरी येतो. हे सगळं सांगायचं असतं. सांगण्यात लाज नाही आणि खोटंही नाही.

बाईमाणसाच्या बाबतीत तर आणखी एक गंमत होते. कामाच्या रकान्यात नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी त्या व्यक्तीला जे लागू असेल ते बघतात. पण नवरा सांगतो, "ती काही काम करत नाही, घरीच असते." ऐकणाऱ्यानं घरकामाचं खोदून विचारलं नाही तर तो रकाना रिकामा जातो. गॅस चालू ठेवून विसरते का, भाजी चिरायला घेऊन अर्ध्यात उठते का, मुलांचे डबे कोण करतं, महिन्याचा किराणा कोण आणतं, हे सांगा.

म्हणून बोर्डाच्या तारखेआधी पंधरा दिवस एक साधी वही करा. रोज चार ओळी: आज उठला किती वाजता आणि कोणी उठवलं, आंघोळ, दात, कपडे आपणहून की सांगून, कोणाशी काय बोलला, काय काम सांगितलं होतं आणि किती झालं. गोळ्या स्वतः घेतो की हातात द्याव्या लागतात, हेही लिहा. वही बोर्डापुढे ठेवलीच पाहिजे असा नियम नाही. पण विचारल्यावर "बरा असतो, कधी कधी बिघडतो" असं गुळमुळीत उत्तर निघत नाही, नेमकं निघतं.

उलट टोकही गाठू नका. तपासणीच्या दिवशी आजारी दिसावा म्हणून चार दिवस गोळ्या बंद करणारी घरं आहेत. हे अजिबात करू नका. स्किझोफ्रेनियात गोळ्या तुटल्या की आजार उलटतो, आणि दरवेळी जुन्या पातळीवर परत येईलच असं नाही. शिवाय डॉक्टर मुलाखतीतलं बोलणं केसपेपरशी ताडून बघतात. केसपेपरवर दर महिन्याला 'स्थिर, कामावर जातो' असं लिहिलेलं आणि तुम्ही म्हणता तीन वर्षं खोलीबाहेर आला नाही, तर शंका येणारच. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचा लाभ घेतला तर 2016 च्या कायद्याच्या कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तेव्हा उपाय आधीपासून करायचा: दर भेटीत डॉक्टरांना झोप आणि भास यांच्याबरोबर कामाचं आणि वागण्याचंही सांगायचं, म्हणजे ते केसपेपरवर येतं.

खाजगी मनोविकारतज्ज्ञाचा दाखला योजनांसाठी चालत नाही. प्रमाणपत्र सरकारनं अधिकृत केलेल्या रुग्णालयाचंच लागतं. पण खाजगी डॉक्टरांचं पत्र पुरावा म्हणून फार उपयोगी. त्यांना नुसतं 'माझ्याकडे उपचार घेतो' असं लिहायला सांगू नका. पत्रात निदान व आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला त्याचा कोड असावा (स्किझोफ्रेनियाचा एफ 20, बायपोलरचा एफ 31, ओसीडीचा एफ 42), कधीपासून आजार, कधीपासून त्यांच्याकडे, भरती झाला असेल तर तारखा, कोणकोणती औषधं देऊन झाली, आत्ता कोणती चालू, आणि उपचार चालू असूनही शिल्लक राहिलेल्या अडचणी. शेवटचा मुद्दा नसेल तर पत्राचा निम्मा उपयोग गेला.

अर्ज आता ऑनलाइनच. स्वावलंबन कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) केंद्रीय पोर्टलवर, म्हणजे लोक ज्याला 'युडीआयडी' म्हणतात तिथे. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं याच पोर्टलवरून देणं सक्तीचं आहे. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, एवढं लागतं. स्वतः भरता येतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून भरून घ्या. केंद्रातून भरताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, प्रकार निवडताना 'मानसिक आजार' हाच निवडला आहे ना. घाईत 'बौद्धिक अक्षमता' टिचकवलं जातं, मग बुद्ध्यांकाच्या चाचणीला पाठवतात, चाचणी नॉर्मल येते आणि अर्ज नामंजूर. दोन, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळते का. पुढे बँकेत पैसे अडकतात ते बहुधा इथेच.

रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्याचं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते, असे दोन पर्याय नियमात आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मनोविकारतज्ज्ञ असतो का, बोर्ड कोणत्या वारी बसतो, हे आधी विचारून घ्या. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. खाजगी डॉक्टरचा पेशंट असेल तर अनेक ठिकाणी आधी ओपीडीत केसपेपर काढायला लावतात आणि दोन-तीन भेटींनंतरच गुण देतात. याला टाळाटाळ समजू नका. एकाच भेटीत वीस मिनिटांत माणसाचं रोजचं जगणं मोजणं डॉक्टरलाही जमत नाही.

बोर्डाच्या दिवशी सगळ्या कागदांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, तारखेच्या क्रमानं लावलेल्या. सोबत रोज त्याच्याबरोबर राहणारं माणूस हवं. तुम्ही सासरी असाल आणि आई घरी, तर आईला न्या. पोर्टलवरचा नावनोंदणी क्रमांक छापून घ्या, तो मागतात. अर्जापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं 2024 च्या सुधारित नियमांत आहे.

मिळणाऱ्या कार्डाचा रंग टक्क्यांवर असतो: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. पांढरं कार्ड म्हणजे दिव्यांगत्व मान्य, पण बहुतेक लाभ नाहीत. मानसिक आजारात प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं देतात, त्यावर मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की अनुदान थांबतं, आणि नूतनीकरणाची तपासणी पुन्हा पहिल्यासारखीच होते. म्हणून चार महिने आधी अर्ज करा. टक्के कमी दिले असं वाटलं तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली राज्यानं नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आधी गुणपत्रक मागून घ्या. कोणत्या रकान्यात किती दिले हे कळल्याशिवाय अपिलात 'आम्हाला कमी दिले' याखेरीज सांगण्यासारखं काही राहत नाही.

आता उपयोगाचं. सगळे जण आधी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं नाव घेतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत, वय 18 ते 65, किमान 15 वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य, दिव्यांगत्व 40 टक्के. रक्कम महिना 1,500 रुपये होती. दिव्यांगांसाठी ती 2,500 करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

पण तुमच्या घरात हे बसणं कठीण दिसतं. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत लागतं. वडिलांचं निवृत्तिवेतन दोन-तीन महिन्यांतच ती मर्यादा ओलांडत असेल. उत्पन्नाचा दाखला कमी रकमेचा काढून देणारे दलाल तहसीलच्या आवारात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, पुढे वसुली लागते.

तुमच्या भावासाठी खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही: कुटुंब निवृत्तिवेतन. सरकारी निवृत्तिवेतनधारकाचं मूल मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर आई-वडिलांनंतर त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. राज्याच्या सेवेत महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधला नियम 116, केंद्राच्या सेवेत 2021 च्या नियमांतला नियम 50. भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या पेन्शन योजनेतही कायम व पूर्णपणे अपंग मुलाला वयाची अट न लावता पेन्शनची तरतूद आहे.

इथे टक्क्यांचा दाखला एकटा पुरत नाही. 'या आजारामुळे उपजीविका करण्यास असमर्थ आहे' असं वैद्यकीय बोर्डानं किंवा सिव्हिल सर्जननं स्पष्ट लिहावं लागतं. 60 टक्क्यांचं कार्ड असलेला माणूस नोकरी करत असू शकतो, म्हणून लेखा कार्यालय नुसत्या टक्क्यांवर समाधान मानत नाही. शिवाय आजार पालक हयात असतानाच सुरू झाला होता हे कागदावर दिसावं लागतं; पहिली जुनी चिठ्ठी पुन्हा इथे लागते. वडील हयात आहेत तोवरच त्यांनी आपल्या विभागाकडे लेखी अर्ज करून भावाचं नाव, आजार आणि प्रमाणपत्राची नोंद पेन्शनच्या कागदांत करून घ्यावी, आणि भावाच्या वतीनं पैसे स्वीकारायला पालक कोण हेही सुचवून ठेवावं. अर्जाची पोच घ्या. वडिलांच्या पश्चात हीच नोंद करायला वर्ष-दीड वर्ष चकरा होतात, आणि तेवढे दिवस घर चालायचं कशावर?

कराचं बोलायचं तर आयकरात (1961 च्या कायद्यातलं कलम 80-डीडी) अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी 75,000 ची वजावट आहे, 80 टक्के व वर असेल तर 1,25,000. मुलासाठी आई-वडील घेऊ शकतात. भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर तुम्हीही. मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच.

एसटीत भाड्यात 75 टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला 50 टक्के. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलवरचा फोटो कंडक्टर मानेलच असं नाही. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार नाही. तिकीट खिडकीवर वाद घालून उपयोग होत नाही. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. बहुतेक ठिकाणी त्यातून वर्षाकाठी काहीतरी मिळतं, पण नाव नोंदवलेलं असेल तरच. ग्रामसेवकाकडे किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंदवा.

निरामय आरोग्य विमा आणि स्थानिक समितीकडून मिळणारं पालकत्व यासाठी धावपळ करू नका. ते राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं आहे, आणि त्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता एवढेच प्रकार येतात. मानसिक आजारासाठी पालकत्व लागलंच तर ते 2016 च्या कायद्याच्या कलम 14 खालचं मर्यादित पालकत्व. त्यात ठरावीक बाबीत, ठरावीक काळासाठी, त्याच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचे असतात. त्याचे सगळे हक्क काढून घेणारं ते नसतं.

भाऊ उद्या थोडा सावरला तर कार्ड तेव्हाही कामाचं. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का ज्या गटांत विभागला आहे त्यांत मानसिक आजारही येतो. जाहिरातीत ते पद त्या प्रकारासाठी योग्य ठरवलंय का, हे बघावं लागतं. आणि जे आधीच सरकारी नोकरीत आहेत व नंतर आजारी पडले, त्यांच्यासाठी 2016 च्याच कायद्याचं कलम 20 आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, झेपेल त्या पदावर बदली, तेही नसेल तर अतिरिक्त पदावर त्याच वेतनात ठेवायचं. गैरहजेरीच्या नोटिसा यायला लागल्या की घरचे राजीनामा लिहून देतात. तो देऊ नका. आधी कार्यालयाला आजाराचे कागद पोच घेऊन द्या, मग बोर्डाची तारीख घ्या.